किती वेळात किती वार?

यंदा गणपतीत आमच्या ओटीवर भांडण झालं ते एका शब्दावरून. दरवर्षी काहीतरी होतंच म्हणा, कधी बांधावरून, कधी मुंबईकरांच्या गाडीने कुणाचा गडगा पाडला म्हणून, पण शब्दावरून पहिल्यांदाच. झालं असं की पुतणी नववीत आहे, गावच्याच मराठी शाळेत, ती बिचारी मखराच्या बाजूला बसून ध्वनीचा धडा पाठ करत होती आणि मुंबईहून आलेल्या आमच्या काकांच्या कानावर 'वारंवारता' पडलं. काका भडकले. "काय गो हे वारंवारता वारंवारता? सरळ फ्रिक्वेन्सी म्हणायला काय होतं? कॉलेजात गेलीस की कोण विचारणारे तुला हे?" आरतीला आलेले गुरुजी शेजारीच बसलेले, निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच, ते म्हणाले, मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो काय कपाटात ठेवायला, आपला शब्द असताना साहेबाचा उसना कशाला. मग दोन तास, तीन वेळा चहा, सावरकर, शिवाजी महाराज, जपान, आयटी कंपन्या, सगळं निघालं. पुतणीला मात्र कुणी विचारलं नाही की बाई, तुला हा शब्द कळला का. मी विचारलं. तिने एका दमात व्याख्या म्हणून दाखवली, एका सेकंदात होणाऱ्या दोलनांची संख्या वगैरे. म्हटलं बरं, मग आपल्या गावच्या एसटीची वारंवारता किती? तर ती हसायला लागली, एसटीला कुठे असते, ती ध्वनीला असते. तोच प्रश्न काकांना टाकला, फ्रिक्वेन्सी म्हणजे काय? "फ्रिक्वेन्सी म्हणजे... अरे फ्रिक्वेन्सी रे! वेव्हची असते ती."

म्हणजे एकीला मराठी शब्द येतो, एकाला इंग्रजी शब्द येतो, आणि अर्थ दोघांकडेही नाही. ही जी भांडणं आपण भाषेच्या नावाने घालतो ती मला म्हणूनच फुकटची वाटतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको की शेवटी कळलं. शाळेत पहिला शब्द वारंवारताच हवा, फ्रिक्वेन्सी त्याच्या मागोमाग त्याच आठवड्यात यायला हवी, पण वारंवारता हवी ती अस्मितेसाठी नव्हे. ती हवी कारण त्या शब्दाच्या पोटात त्याचा अर्थ अजून जिवंत आहे आणि फ्रिक्वेन्सीच्या पोटातला अर्थ आपल्यासाठी मेलेला आहे. खरं तर इंग्रजांसाठीही मेलेलाच आहे, ते पुढे बघूच.

फ्रिक्वेन्सी आली लॅटिनमधून. फ्रेक्वेन्स म्हणजे गच्च भरलेला, दाटीवाटीचा, आणि फ्रेक्वेन्तिया म्हणजे गर्दी, जमाव. ठासून भरणे या अर्थाचा एक लॅटिन धातू आहे, त्याच्याशी या शब्दाचं नातं लावतात. रोमन लोक भरलेल्या सिनेट-सभेला फ्रेक्वेन्स म्हणायचे, म्हणजे सभासद पुरेसे आलेत, सभा चालवा. इंग्रजीत हा शब्द शिरला तेव्हा तोही आधी गर्दी याच अर्थाने शिरला. मिल्टनच्या 1667 सालच्या महाकाव्यात सैतानाचा दरबार भरतो, तिथे फ्रिक्वेंट हा शब्द आलाय तो 'खच्चून भरलेला' अशाच अर्थाने, 'वारंवार' असा त्याचा तिथे काही संबंध नाही. मग हळूहळू माणसांच्या दाटीवरून तो घटनांच्या दाटीवर सरकला. एखादी गोष्ट थोड्या वेळात खूप वेळा घडते म्हणजे त्या वेळात त्या गोष्टीची गर्दी झाली, असा तो विचार. जत्रेतली माणसं जागेत दाटतात, तशी तारेची कंपनं सेकंदात दाटतात. कल्पना सुंदर आहे, पण आज लंडनच्या पोराला तरी फ्रिक्वेन्सी म्हटल्यावर जत्रा आठवते का? आपल्या पोराला तर आठवायचा प्रश्नच नाही, त्याच्यासाठी तो तीन अक्षरांचा बंद डबा.

आता वारंवारता बघा. वार म्हणजे खेप, पाळी. एकवार, त्रिवार आपण आजही म्हणतो, त्रिवार मुजरा म्हणजे तीन खेपा मुजरा. सोमवार मंगळवार म्हणजे सात दिवसांनी ज्याची त्याची पाळी. कोकणातली गरीब घरची पोरं पुण्याला शिकायला जायची ती वार लावून जेवायची, सोमवारी ह्यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे, म्हणजे प्रत्येक घरी आठवड्याला एक जेवण, आठवड्याला एक. ह्याला भौतिकशास्त्रात वारंवारताच म्हणतात हो! किती वेळा, आणि किती वेळात. पंढरीची वारीसुद्धा त्यातलीच, ठरल्या काळाने पुन्हापुन्हा करायची ती. (लुगड्यातला वार वेगळा आणि तलवारीचा वार वेगळा, ते इथे घालू नका.) तर वारंवारता हा शब्द कुणी आकाशातून पाडलेला नाही, आजीच्या तोंडात जो वार होता त्यालाच शेपूट लावलंय. पुतणीला एवढं सांगितलं असतं की वार म्हणजे खेप, तर एसटीच्या प्रश्नाला ती हसली नसती. सकाळपासून रात्रीपर्यंत सहा फेऱ्या, म्हणजे दिवसाला सहा, झाली वारंवारता.

विरोधी बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा मात्र काकांनी काढलाच नाही, तो मला नंतर रात्री अंथरुणात सुचला, असंच असतं. वारंवार म्हणजे आपल्या भाषेत 'खूपदा', 'सारखं सारखं'. मग कमी वारंवारता म्हणजे काय, कमी सारखंसारखंपणा? वर्षातून एकदा घडणाऱ्या गोष्टीला वारंवारता आहे असं म्हणणं हा उघडउघड विरोध नाही का? मुद्दा खरा आहे आणि मुलं अडखळतात ती इथेच, मोठी वारंवारता कळते, शून्य पूर्णांक एक आली की गोंधळतात. पण हीच खोट फ्रिक्वेन्सीत पण आहे, लो फ्रिक्वेन्सी म्हणजे मुळात विरळ गर्दी, ते तरी कुठे बरोबर बसतं? आणि दुसरं म्हणजे भाषा मोजमापाचे शब्द नेहमी मोठ्या टोकावरूनच करते. उंच वरून उंची केली, आता बुटक्यालाही उंची असते. जाड वरून जाडी, आणि पतंगाच्या कागदाचीही आपण जाडीच विचारतो. खोल वरून खोली, आणि गुडघाभर पाण्याचीही खोली मोजतो. कुणी म्हणतो का की बुटक्याला उंची लावू नका, शब्द चुकलाय? वारंवारवरून वारंवारता अगदी त्याच रस्त्याने आलीय. ज्या पोराला उंची कळते त्याला हे दोन मिनिटांत कळेल, फक्त ते सांगणारा पाहिजे, आणि सांगायला आधी आपल्याला सुचलं पाहिजे.

फ्रिक्वेन्सीला मराठीत कंप्रता असाही शब्द आहे, त्याबद्दल पण बोलायला हवं, कारण इथे मराठीवाल्यांची बाजू लंगडी पडते. वाईचा मराठी विश्वकोश उघडलात तर तिथे कंप्रता भेटते, पाठ्यपुस्तकात वारंवारता, आणि हिंदीत आवृत्ती, जी मराठीत वापरली तर लोक विचारतील कितवी, पहिली की सुधारित. एका गोष्टीला दोन-दोन सरकारी शब्द आणि मग आपण पोरांना म्हणायचं की मातृभाषेत शिका, सोपं जातं. कंप्रता तारेला शोभते, तार कापते, हवा कापते. पण नदीचा पूर कापत नाही, एसटी कापते पण ती वेगळ्या कारणाने. गणिताच्या पुस्तकात ताळ्याच्या खुणा करून जी वारंवारता सारणी काढतात तिथे तर कंप कुठेच नाही, पन्नास मुलांपैकी किती जणांना सात मार्क, एवढंच. म्हणजे तारेपासून मार्कांपर्यंत सगळीकडे पुरणारा शब्द वारंवारताच, आणि तो एक धरून बाकीचे सोडून द्यायला हवे होते. परिभाषा ठरवणाऱ्यांनी हे केलं नाही, हा त्यांच्यावरचा आरोप मला मान्य आहे.

आता काकांचा मुद्दा, पुढे सगळं इंग्रजीतच आहे. हाही खोटा नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून कॉलेजात गेलो आणि पहिले चार महिने भिंतीकडे बघत बसायचो, कारण शब्द नवे, माणसं नवी. ते दिवस मी कुणाच्या पोरावर आणू इच्छित नाही. आणि आपल्याकडे फ्रिक्वेन्सी हा शब्द काही फक्त कॉलेजात नाही, तो बंदरावर आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जाऊन बघा, फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून मासे शोधायचं यंत्र) लावलेल्या होडीवरचा तांडेल खलाशाला सांगतो, "खोलात दोनशे चालत नाय, पन्नासवर टाक." दोनशे किलोहर्ट्झ आणि पन्नास किलोहर्ट्झ. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, त्यामुळे दोनशेला एकेक लाट साडेसात मिलिमीटरची पडते आणि पन्नासला तीन सेंटिमीटरची. बारीक लाटेने बारीक दिसतं पण ती पाण्यात लवकर विरते, मोठी लाट खोल जाते पण ठोकळ दाखवते. हे त्याने पुस्तकात वाचलेलं नाही, स्क्रीनवर पाहून पाहून हाताला कळलंय. संकट आलं की होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, हेही त्याला झोपेत विचारा. त्याला कुणी जाऊन सांगणार का की बाबा, वारंवारता म्हण? म्हणूच नये. त्याचा शब्द त्याच्या कामात मुरलाय, तो आता मराठीच.

पण फरक बघा. तांडेलाला डबा उघडून कुणी द्यावा लागला नाही, कारण त्याच्यासमोर यंत्र होतं, बटण फिरवलं की काय बदलतं ते डोळ्याला दिसत होतं. नववीतल्या पोरीसमोर काय आहे? पुस्तकात नागमोडी रेघ आणि परीक्षेत दोन मार्कांची व्याख्या. हातात वस्तू नसते तेव्हा शब्दालाच वस्तूचं काम करावं लागतं, आणि मग तो शब्द उघडा असला पाहिजे. वार, खेप, पाळी असं फोडून दाखवता आलं पाहिजे. एकदा ते डोक्यात बसलं की फ्रिक्वेन्सी शिकायला किती वेळ लागतो? एक दिवस. माझे ते चार महिने गेले ते वारंवारता शिकलो म्हणून नाही गेले, वारंवारता म्हणजेच फ्रिक्वेन्सी एवढं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून गेले. दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापायला काय शाई जास्त लागते?

गुरुजींकडे वळतो. त्यांचा आग्रह योग्य, पण त्यामागचं कारण चुकीचं. रत्नागिरीत बसून शुद्धीवर बोलायचं म्हणजे सावरकर येणारच, 1924 ते 1937 ते इथे स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचं रान त्यांनी इथूनच उठवलं. महापौर, दिनांक हे त्यांचे शब्द टिकले, छान टिकले. पण त्याआधी अडीचशे वर्षं शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय, पाठीशी साक्षात छत्रपतींची आज्ञा, तरीही तारीख, जमीन, हजर, अर्ज हे शब्द कुठे गेले? गुरुजींनी स्वतः आयुष्यभर रजेचा अर्जच दिला. आणि कोकणात राहून परक्या शब्दांचा विटाळ मानायचा म्हणजे कठीण आहे, कारण चावी, बादली, घमेलं, काजू, अननस हे सगळं पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेलं, आणि ज्या आंब्यावर आपण जगाला शेखी मिरवतो त्या हापूसचं नावसुद्धा अल्फान्सोचं केलेलं. हापूस म्हणताना कुणाचा स्वाभिमान दुखतो? मग फ्रिक्वेन्सीनेच का दुखावा? एक फरक आहे, तो गुरुजींनी सांगितला नाही म्हणून मी सांगतो. हापूस समजायला शब्द फोडावा लागत नाही, फोडायला आंबा असतो. फ्रिक्वेन्सी ही हातात धरता येणारी वस्तू नाही, तिथे शब्द नाही फुटला तर काहीच नाही उरत.

आणि डबा बंद राहिला की त्यात कोण काय भरेल सांगता येत नाही. हल्ली बघा, आमची फ्रिक्वेन्सी जुळत नाही म्हणून सोयरीक मोडते, घराची फ्रिक्वेन्सी खराब आहे म्हणून कुणीतरी दार फिरवतो, आणि आमच्या भजनी मंडळातला पेटीवाला, माणूस सोन्यासारखा, डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बसला की समोरच्याची झोप उडवतो, तो मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होता की 432 ही विश्वाची मूळ फ्रिक्वेन्सी आहे आणि वाद्यं 440 ला लावून आपल्याला बिघडवलंय. मी त्याला विचारलं, 432 काय? म्हणाला, हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे? गप्प. दोष त्याचा नाही. पूर्वी ह्या एककाला सायकल्स पर सेकंद म्हणायचे, जुन्या रेडिओच्या पट्टीवर किलोसायकल लिहिलेलं असायचं, म्हणजे किती फेरे आणि दर किती वेळाला ते नावातच होतं. मग हाइनरिख हर्ट्झ, ज्याने 1880 च्या दशकात रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवल्या आणि जो 1894 साली छत्तिसाव्या वर्षीच गेला, त्याच्या सन्मानार्थ 1930 च्या दशकात एककाला त्याचं नाव दिलं आणि 1960 मध्ये ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत पक्कं झालं. सन्मान योग्यच, पण त्या नावाखाली 'दर सेकंदाला' गाडलं गेलं. इंग्रजी जगानेही आपला उघडा शब्द असा स्वतःच्या हाताने बंद केलाय.

ते गाडलेलं उकरलं की 432 चा फुगा आपोआप फुटतो. सेकंद म्हणजे दिवसाचे 86,400 तुकडे केले त्यातला एक, आणि तो माणसांनी ठरवला. आपले जुने लोक पळात मोजायचे, पळ म्हणजे 24 सेकंद. तोच सूर पळात मोजला तर आकडा येतो 10,368, विपळात, म्हणजे पळाच्या साठाव्या भागात, मोजला तर 172.8. मग विश्वाला नेमका कुठला आकडा आवडतो? सूर तोच राहतो, घड्याळ बदललं की आकडा बदलतो. आणि 440 हे कारस्थान म्हणावं तर त्याआधी फ्रान्सने 1859 मध्ये सरकारी हुकमाने 435 ठरवलं होतं, पुढे 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 वर एकमत झालं, वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून. आपल्याकडे तर तीही भानगड नाही, सा ज्याच्या त्याच्या गळ्याचा, पेटीच्या पट्ट्यांवर कुणाचा पांढरी दोन, कुणाचा काळी चार. पेटीवाल्याची काळी चार म्हणजे 440 च्या हिशोबाने साधारण 415, खालच्या सप्तकात 208. म्हटलं, तुझा गाणारा काळी पाचला गेला की विश्व बिघडतं का? तो म्हणाला, विश्वाचं ठाऊक नाय, घसा बिघडतो.

शिकवायचंच असेल तर कोकणात पुस्तकाची गरज तरी कुठे आहे, दाराशी समुद्र आहे. भाट्याच्या पुळणीवर पोरांना बसवा, पाच मिनिटं लाटा मोजायला लावा. तीस लाटा आल्या तर दहा सेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला 0.1, शून्य पूर्णांक एक हर्ट्झ, आणि ती जी कमी वारंवारता पुस्तकात घशात अडकते ती पायाला येऊन लागते. दर किती वेळाने हा एक प्रश्न आणि किती वेळात किती हा दुसरा, एकाला उलटं केलं की दुसरा मिळतो, हेही तिथेच कळतं. मग भरतीवर या. शहरातला माणूस म्हणतो दिवसाला दोन भरत्या. कोळ्याला विचारा, तो म्हणेल भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. एका भरतीपासून दुसरी साधारण 12 तास 25 मिनिटांनी, म्हणजे दिवसाला दोन नाहीच, 1.93. एवढासा फरक, पण अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या साडेएकोणतीस दिवसांत 59 ऐवजी 57 च भरत्या होतात. दोन भरत्या कुठे गेल्या? चंद्र तेवढ्यात पृथ्वीभोवती एक फेरी मारून आला, त्या एका फेरीत दोन हरवल्या. हे पोरांना ओहोटीला शिंपल्या वेचताना सांगता येतं, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्यांच्या घरात आहेतच.

हे सगळं झालं तरी कुणी म्हणेल की बरं, शब्दाचा अर्थ नाही कळला तर बिघडतं काय, दोन मार्क जातील. म्हणून चिपळूणचं सांगतो. 26 जुलै 2005 ला शहर बुडालं, 22 जुलै 2021 ला त्याहून भयानक बुडालं, आणि मग पूररेषा आल्या, निळी आणि लाल. निळी म्हणजे ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. रेषांवरून शहरात रान पेटलं ते साहजिकच होतं, घर निळ्या रेषेत गेलं की बांधकाम अडतं, जागेची किंमत पडते, बँक तोंड फिरवते. त्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही, गाळ काढला नाही, नदी बुजवली, कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं अवजल येतं, ह्या तक्रारी वेगळ्या आणि गंभीर आहेत. पण वाद ज्या भाषेत चालला ती ऐकून डोकं फिरायचं. एक जण म्हणायचा, शंभर वर्षांचा पूर 2021 ला येऊन गेला, आता 2121 पर्यंत काळजी नाही, रेषा कशाला? दुसरा म्हणायचा, 2005 ला आला, 2021 ला आला, सोळा वर्षांत दोनदा, म्हणजे हे शंभर वर्षांचं गणितच थापा. दोघांनाही वाटतंय की शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एसटीचं टाइमटेबल, एक गाडी गेली की दुसरी शंभर वर्षांनी.

पूर टाइमटेबलने येत नाही. भरतीची वारंवारता पक्की असते, तिचं गणित चंद्राने बांधलेलं असतं. पुराची वारंवारता ही सरासरी असते, म्हणजे कुठल्याही एका वर्षात तो यायची शक्यता शंभरात एक. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही, सोंगट्या खेळताना मागचं दान पुढच्याला कुठे आठवतं? आणि ही एक टक्का वर्षावर वर्ष साठत जाते. तीस वर्षं त्या रेषेवर राहिलात तर एकदा तरी तो पूर बघण्याची शक्यता साधारण 26 टक्के, चारात एक. निळ्या रेषेवर वर्षाला 4 टक्के, आणि पंचवीस वर्षांत 64 टक्के. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणतात तरी पंचवीस वर्षांत तो येईलच असं नाही, कोरडं सुटायची शक्यता छत्तीस टक्के, आणि कधी दोनदा-तीनदाही बघावा लागेल. वर पाऊसमान बदलत असेल तर मुळातली सरासरीच सरकते, मग आजची लाल रेषा उद्याची निळी होऊ शकते. इथे शब्द वारंवारता वापरा नाहीतर फ्रिक्वेन्सी, 'दर किती वेळाला' आणि 'सरासरीने' हे दोन तुकडे जर डोक्यात नसतील तर तुम्ही चुकीच्या जागी पैसे टाकणार. सरकारी माहितीपत्रकात नुसतं '100 वर्ष वारंवारतेचा पूर' असं लिहून ठेवणाऱ्यांनीही ह्याचा विचार करायला हवा होता, ते वाचून कुणाला काय कळणार? वर्षाला शंभरात एक, एवढं लिहिलं असतं तर निम्मी भांडणं कमी झाली असती असं मला वाटतं.

बायकोचा मामेभाऊ तिथे बाजारपेठेत दुकान चालवतो, कापडाचं. भिंतीवर दोन रेघा आहेत, खालची 2005 ची, त्याने खिळ्याने ओढलेली, आणि वरची 2021 ची, ती कुणी ओढली नाही, चिखलाने आपोआप उमटली आणि रंग काढल्यावरही पुसट दिसते. गणपतीनंतर त्याच्याकडे गेलो तेव्हा तो दुकानावर पंधरा वर्षांचं कर्ज काढायच्या विचारात होता, दुकान निळ्या रेषेच्या काठावर. त्याला म्हटलं, तुला माहीत आहे ना हे वर्षाला चार टक्के आहे? म्हणाला, चार टक्के म्हणजे काहीच नाय की. मग मी त्याच्याच कॅल्क्युलेटरवर 1 घेतला आणि 0.96 ने पंधरा वेळा गुणत गेलो, तो बाजूला उभा राहून गुणाकार मोजत होता, एक, दोन, तीन, गिऱ्हाईक आलं तरी त्याने हात दाखवून थांबवलं. पंधराव्याला आकडा आला 0.54. म्हणजे कोरडं राहायची शक्यता चौपन्न, बुडायची शेहेचाळीस.

तो बराच वेळ भिंतीवरच्या त्या वरच्या रेघेकडे बघत राहिला. मग गिऱ्हाइकाला साडी दाखवायला वळला, आणि मी निघताना फोनवर सुताराला विचारत होता की पोटमाळा करायचा तर फुटाला काय भाव पडेल.